काचेचे म्हाकूळ : शरीररचना आणि अधिवास

सूरह अल-गाशियामध्ये अल्लाह तआलाने माणसाचे लक्ष उंटाकडे वेधले आहे. त्या आयतीतील प्रश्नार्थक शब्द 'कैफ' असा आहे, म्हणजे 'कसा'. सृष्टी कोणी निर्माण केली हे मक्केतील अरबांना ठाऊक होते आणि ते नाकारतही नव्हते. त्यांना सांगितले गेले ते घडण पाहण्यास. मुफस्सिरांनी या ठिकाणी उंटाची मान, त्याचे गुडघे, त्याची तहान सोसण्याची शक्ती यांविषयी पुष्कळ लिहिले आहे. उदाहरण उंटाचे दिले गेले, कारण तो श्रोत्याच्या दाराशी बांधलेला होता. आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यातील वाचकांच्या दाराशी समुद्र आहे. मुरबे, खाडीपलीकडचे सातपाटी, वर तारापूर, या गावांतील संध्याकाळ भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने ठरते. म्हणून या वेळच्या पाठासाठी समुद्रातील एक जीव घेतला आहे. तो मुरब्याच्या बाजारात मिळत नाही. का मिळत नाही, हाही या पाठाचा एक भाग आहे.

विषय निवडण्याचे निमित्त एका चित्रफितीचे झाले. मक्तबात शिकणाऱ्या एका मुलाने ती भ्रमणध्वनीवर दाखविली. काळ्या पाण्यात काचेच्या फुग्यासारखा एक देह स्थिर तरंगत होता. पोटातील अवयव बाहेरून दिसत होते आणि दोन मोठे डोळे चकाकत होते. खाली मजकूर होता की हा समुद्रातील जिन्न आहे आणि पाहणाऱ्याने ही चित्रफीत इतक्या-इतक्या लोकांस पाठवावी. मुलाने विचारले, "मौलाना, यो खरंच जिन्न हाय का?"

बातमी आली की तिची शहानिशा करावी, हा सूरह अल-हुजुरातमधील आदेश आहे. कानावर येईल ते सर्व सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या 'सहीह'च्या प्रस्तावनेतच घेतली आहे. हे दोन्ही मुलाला सांगितले. परंतु 'जिन्न नव्हे' एवढ्याने मुलाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. तो जीव कोण, हे सांगावे लागते. आणि त्यासाठी आधी स्वतः पाहावे लागते.

अशा चित्रफिती सध्या एवढ्या का फिरत आहेत, याचेही कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये अंटार्क्टिकाजवळील बेलिंग्सहाउसेन समुद्रात श्मिट ओशन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या 'सुबास्टियन' नावाच्या मानवरहित यंत्राने जवळजवळ ६९० मीटर खोलीवर बर्फाळ प्रदेशातील एक काचेचे म्हाकूळ प्रथमच जिवंत टिपले. त्याच यंत्राने ९ मार्च २०२५ रोजी दक्षिण सँडविच बेटांजवळ सुमारे ६०० मीटर खोलीवर तीस सेंटिमीटर लांबीचे एक पिल्लू टिपले. ते महाकाय म्हाकुळाचे होते. ही जात शास्त्राला १९२५ पासून माहीत होती, तीही एका देवमाशाच्या पोटात सापडलेल्या तिच्या बाहूंवरून. पण समुद्रात जिवंत अवस्थेत तिचे चित्रण होण्यास शंभर वर्षे लागली. पूर्ण वाढल्यावर हेच पिल्लू जगातील सर्वांत वजनदार अपृष्ठवंशी प्राणी होते. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात २००७ मध्ये पकडलेली मादी ४९५ किलोग्रॅम वजनाची भरली आणि ती आज न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन येथील ते पापा संग्रहालयात आहे.

हे सर्व एकाच कुळातील जीव होत. त्या कुळात सुमारे साठ जाती आहेत. आपण त्यांपैकी ज्या जातीवरून संपूर्ण कुळाला नाव मिळाले ती घेऊ. कारण ती थंड दक्षिण ध्रुवाकडची नसून उष्ण समुद्रांत, आपल्या हिंदी महासागरातही, राहणारी आहे.

नाव कोठून आले

जातीचे शास्त्रीय नाव क्रँकिया स्कॅब्रा. 'स्कॅब्रा' म्हणजे खरखरीत. त्याचे कारण पुढे येईल. 'क्रँकिया' हे नाव जॉन क्रँच या इंग्रज माणसाचे; लॅटिन उच्चारात 'च'चा 'क' झाला. १७८५ साली एक्सेटर येथे जन्मलेला हा माणूस लहानपणीच पोरका झाला आणि जोडे शिवण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. किडे, शिंपले, जलचर गोळा करण्याचा नाद त्याने कामाच्या वेळेबाहेर जोपासला. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लीच यांनी त्याची नजर ओळखली आणि त्याला संग्राहकाचे काम दिले. १८१६ मध्ये कॅप्टन टकी यांच्या काँगो नदीच्या मोहिमेवर तो प्राणी गोळा करण्यासाठी गेला. आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाताना जहाजामागे जाळी ओढून त्याने समुद्रातील लहान-लहान जीव जमविले. सप्टेंबर १८१६ मध्ये काँगोच्या तापाने तो एकतिसाव्या वर्षी मरण पावला. त्याने पाठविलेल्या नमुन्यांवरून लीच यांनी १८१७ मध्ये या जीवाचे वर्णन केले आणि नाव क्रँचचे दिले. जोडे शिवणाऱ्या एका पोरक्या मुलाच्या नावाने आज साठ जातींचे कूळ ओळखले जाते, ही गोष्ट मक्तबातील मुलांना सांगण्याजोगी आहे. पदवी त्याच्याकडे नव्हती. पाहण्याची सवय होती.

घरच्या म्हाकुळापासून

अनोळखी जीव समजून घ्यावयाचा तर ओळखीच्या जीवापासून निघावे. बोंबील, मांदेली, कोळंबी यांच्याबरोबर जाळ्यात येणारे म्हाकूळ आपल्या किनाऱ्यावर सर्वांच्या परिचयाचे आहे. कोठे त्याला माकूल, कोठे माकली म्हणतात. ज्या भगिनींनी ते साफ केले आहे त्यांना त्याची अर्धी शरीररचना आधीच ठाऊक आहे. डोके धरून ओढले की आतडी, शाईची पिशवी आणि आतील सर्व ऐवज एकदम बाहेर येतो, आणि हातात उरते ती पांढरी पोकळ पिशवी. या पिशवीला शास्त्रात प्रावार म्हणतात. तिच्या पाठीकडून प्लॅस्टिकसारखी एक पारदर्शक पात निघते. ही पात म्हणजे शिंपल्याची आठवण होय. म्हाकूळ हे शिंपले, कालवे आणि गोगलगाय यांच्या नात्यातील मृदुकाय प्राणी आहे. कालवाचे कवच अंगाबाहेर राहिले, म्हाकुळाचे आत जाऊन पातळ झाले.

डोक्याभोवती आठ बाहू आणि दोन लांब शुंडा, त्यांच्या मधोमध पोपटासारखी कठीण चोच. डोक्याखाली एक आखूड नळी. प्रावारात पाणी भरून घ्यावयाचे आणि स्नायू आवळून त्या नळीतून जोराने सोडावयाचे. पाणी पुढे जाते, म्हाकूळ मागे सुटते. त्याला तीन हृदये असतात. रक्त तांबड्याऐवजी निळसर असते, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या त्याच्या द्रव्यात लोहाच्या जागी तांबे आहे. कणा नाही, खवले नाहीत. बाजारात आपण 'म्हाकूळ मासा' म्हणतो खरे. परंतु प्राणिशास्त्राच्या हिशेबाने हा मासा नव्हे. हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढे फिक्हच्या चर्चेत त्याची गरज लागणार आहे.

फुगा, पिशवी आणि अमोनिया

काचेच्या म्हाकुळाचे अवयव हेच आहेत, पण सर्वांची मांडणी बदललेली आहे. क्रँकियाचा देह फार तर पंधरा सेंटिमीटर लांबीचा. आकार पिंपासारखा फुगीर. बाहू आखूड, शुंडा त्यांच्याहून बऱ्याच लांब, आणि देहाच्या अगदी शेवटी दोन छोटे गोलसर पंख. घरच्या म्हाकुळाचे डोके प्रावारापासून सुटे असते, म्हणून तर ते ओढताच निघते. येथे मात्र प्रावार मानेच्या मागे एका ठिकाणी आणि नळीच्या दोन बाजूंना दोन ठिकाणी जोडून घट्ट झालेला आहे. या तीन सांध्यांवरून सबंध कूळ ओळखले जाते.

आत पाहिले तर देहाचा फार मोठा भाग, जवळजवळ दोन-तृतीयांश, एका द्रवाने भरलेल्या पिशवीने व्यापलेला दिसतो. हा द्रव साधे समुद्राचे पाणी नसतो. १९६९ मध्ये डेंटन, गिल्पिन-ब्राउन आणि शॉ या तीन इंग्रज संशोधकांनी तो तपासला, तेव्हा त्यात अमोनियम क्लोराइड भरलेले आढळले. अमोनिया म्हणजे प्राण्यांच्या शरीरातील प्रथिने मोडल्यावर उरणारी घाण. मासे ती कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. आपल्या शरीरात तिचे युरियात रूपांतर होऊन ती लघवीवाटे जाते. काचेचे म्हाकूळ ती साठवून ठेवते.

साठवण्याचा उपयोग असा. समुद्राच्या पाण्याला वजन येते ते त्यात विरघळलेल्या मिठामुळे, आणि मिठातील एक मुख्य घटक सोडियम. पिशवीतील द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारट असावा लागतो, अन्यथा देहातील पाणी बाहेर खेचले जाईल किंवा बाहेरचे आत शिरेल. खारटपणा तोच ठेवून द्रव हलका करावयाचा तर सोडियमच्या जागी दुसरे काही ठेवले पाहिजे. अमोनियमचा कण वजनाला १८, सोडियमचा २३. शिवाय अमोनियम पाण्यात जागा अधिक व्यापतो. म्हणून पिशवीतील द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा हलका होतो आणि देहाच्या मांसाचे वजन तोलून धरतो. परिणामी हा जीव ना बुडतो, ना वर येतो. काही न करता जागच्या जागी राहतो. द्रव आंबट ठेवलेला असल्यामुळे अमोनिया अमोनियमच्याच रूपात बंदिस्त राहतो आणि बाकीच्या शरीराला विषबाधा करीत नाही.

माशांपैकी अनेकांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिचे काम हेच. परंतु हवा दाबाने आकसते. खोल पाण्यातून एकदम वर काढलेल्या माशाचे पोट फुगून तोंडातून बाहेर येते, ते त्या हवेमुळे. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही. शंभर मीटरवर असो की हजार मीटरवर, ही पिशवी सारखेच काम देते.

मोबदलाही द्यावा लागतो. एवढी मोठी पिशवी आत बाळगणारा देह चपळ असू शकत नाही. घरचे म्हाकूळ बाणासारखे सुटते, हे तरंगत राहते. पिशवीने प्रावारातील जागा इतकी अडविली की श्वासासाठी पाणी खेळवावयाचे कसे, हाही प्रश्न उभा राहतो. माल्कम क्लार्क यांनी १९६२ मध्ये जिवंत क्रँकियाचे निरीक्षण करून त्याचे उत्तर दिले. घरचे म्हाकूळ प्रावार आवळून-सोडून श्वास घेते. क्रँकिया श्वासासाठी प्रावार हलवीतच नाही. पिशवीच्या पातळ भिंतीतून लाटा सरकत जातात आणि त्या लाटांनी पाणी कल्ल्यांवरून वाहते. जी पिशवी अडचण वाटत होती तिच्याच भिंतीने श्वासाचे काम उचललेले आहे. प्रस्तुत लेखकाला या जीवाविषयी वाचलेल्या सर्व गोष्टींत ही सर्वांत विलक्षण वाटली.

न दिसण्याची अडचण

खडकाळ किनाऱ्यावरचा खेकडा फटीत शिरतो, चिखलातली निवटी बिळात जाते. मोकळ्या खोल समुद्रात फट नाही, बीळ नाही, वनस्पती नाही. वरून येणारा क्षीण उजेड आणि त्याकडे खालून पाहणारा शिकारी, एवढेच तेथे असते. खालून पाहणाऱ्याला वरचा प्रत्येक देह सावलीसारखा काळा दिसतो. अशा जागी लपण्याचा एक मार्ग म्हणजे उजेड आरपार जाऊ देणे. क्रँकियाचा प्रावार पातळ आहे, पिशवीतील द्रव स्वच्छ आहे, म्हणून देहाचा बहुतांश भाग काचेसारखा होतो.

पण दोन अवयव काचेचे होऊ शकत नाहीत. पहिला डोळा. पाहणे म्हणजे उजेड अडविणे. ज्या पडद्यातून उजेड आरपार जाईल त्याला काही दिसणार नाही. दुसरा अवयव पाचक ग्रंथी, जिला ढोबळपणे आपण काळीज म्हणू. ती दाट आणि अपारदर्शक असते.

या ग्रंथीचा आकार चातीसारखा लांबट आहे, आणि काचेची म्हाकुळे देह आडवा करोत वा तिरपा, ग्रंथी नेहमी उभीच ठेवतात. उभ्या काठीची खालून दिसणारी सावली सर्वांत लहान, टोकाएवढी. डोळ्यांसाठी निराळा उपाय आहे. डोळ्याच्या खालच्या बाजूस लहान-लहान प्रकाशाचे अवयव असतात. वरून जेवढा उजेड येतो त्याच्याशी मिळताजुळता उजेड ते खाली टाकतात, म्हणून डोळ्याची सावली पुसली जाते. याच कुळातील गॅलिट्युथिस या दुसऱ्या प्रजातीच्या डोळ्यांवर अमांडा होल्ट आणि ॲलिसन स्वीनी यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उजेड वाहून नेणाऱ्या तेथील पेशी थोड्या गळक्या आहेत असे त्यांना दिसले. प्रथमदर्शनी हा दोष वाटतो. परंतु गळतीमुळे उजेड केवळ खाली न जाता निरनिराळ्या दिशांना पसरतो, आणि समुद्रातील उजेडही असाच सर्व बाजूंनी येत असतो.

एवढे करूनही शिकारी जवळ आलाच तर? येथे ते 'खरखरीत' विशेषण कामास येते. क्रँकियाच्या प्रावारावर कूर्चेचे बारीक-बारीक टोकदार उंचवटे असतात. बोट फिरविले तर वाळूच्या कागदासारखे लागावेत असे. धोका जाणवताच हा जीव डोके, बाहू, शुंडा सर्व प्रावारात ओढून घेतो आणि टणक चेंडू होतो. त्यानंतर कधी शाई सोडतो, ती बाहेरच्या पाण्यात नव्हे तर स्वतःच्याच पोकळीत. काचेचा चेंडू क्षणात काळा होतो. शिकाऱ्याचा यात नेमका कसा गोंधळ उडतो, यावर अभ्यासकांत तर्क चालतात. पण पारदर्शक राहण्यासाठी एवढी खटपट करणारा जीव ऐन संकटात स्वतःला अपारदर्शक करतो, हे खरे.

मुरब्याच्या समुद्रात का नाही

मुरब्याच्या बंदरातून निघणारी नौका ज्या पाण्यात जाळे टाकते ते पाणी उथळ आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन, जिला भूखंडमंच म्हणतात, ती मुंबई आणि खंबातच्या आखातासमोर सर्वांत रुंद आहे. किनाऱ्यापासून दोनशे मीटर खोलीची रेषा गाठण्यास येथे साधारण तीनशे किलोमीटर जावे लागते. तेथपर्यंतचे तळ चिखलाचे. खंबातच्या आखातातील भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी, नद्यांचा गाळ अमाप, त्यामुळे आपले पाणी बाराही महिने कमी-अधिक गढूळ असते. गढूळ पाण्यात काचेचे अंग करून लाभ काय? तेथे न दिसणे सर्वांनाच फुकट मिळते. गढूळ पाण्याला साजेसा जीव म्हणजे आपला बोंबील. त्याचेही अंग पाणीदार, लिबलिबीत, काहीसे आरपार. पण त्याची तऱ्हा वेगळी, तो तळाशी राहणारा खरा मासा आहे.

काचेच्या म्हाकुळाचे घर त्या रेषेच्या पलीकडे सुरू होते, जेथे तळ एकदम खाली जातो आणि पाणी निळे होते. क्रँकियाची पिल्ले वरच्या थरात वाढतात. त्यांचे डोळे तेव्हा देठावर बसविल्यासारखे बाहेर आलेले असतात; वय वाढते तसे डोळे डोक्याला चिकटतात आणि जीव अधिकाधिक खोल जातो. म्हणजे एकाच जीवाचे बालपण उजेडात आणि प्रौढपण अंधारात जाते.

अरबी समुद्राच्या त्या खोल भागाची आणखी एक विशेषता आहे. सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या थरात प्राणवायू अतिशय कमी आहे. जगातील अशा थरांत हा एक फार मोठा थर गणला जातो. त्याची पद्धतशीर पाहणी करणाऱ्या पहिल्या मोहिमांपैकी एक १९३३-३४ ची जॉन मरे मोहीम होय. तिचे जहाज 'मबाहिस' इजिप्तचे होते, त्याचे बरेचसे खलाशीही इजिप्शियन होते, आणि ते सप्टेंबर १९३३ मध्ये अलेक्झांड्रियाहून निघून आपल्या अरबी समुद्रात आले. प्रमुख सीमोर सीवेल हे होते; भारतात त्यांनी दीर्घ सेवा केलेली होती. श्वासाला एवढे कमी असलेल्या पाण्यात धावणारा, झुंजणारा देह टिकणे कठीण. काचेच्या म्हाकुळांचा शरीरव्यापार फार मंद असतो. तरंगण्यासाठी त्यांना शक्ती खर्चावी लागत नाही आणि स्नायूही मोजकेच असतात. अमोनियाची पिशवी, मंद गती, थोडा खाऊ आणि थोडा प्राणवायू हे सर्व एकाच हिशेबात बसते.

या ठिकाणी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. खोल समुद्राची गोष्ट निघाली की सूरह अन्-नूरची चाळिसावी आयत पुढे केली जाते, जिच्यात खोल समुद्रातील एकावर एक अंधारांचे चित्र आहे, आणि तिच्यातून आधुनिक समुद्रविज्ञान सिद्ध करण्याचा उत्साह दाखविला जातो. ती आयत उपमा आहे. श्रद्धेवाचून केलेल्या कर्मांची अवस्था सांगण्यासाठी ती आली आहे, आणि तफ्सीरकारांनी तिचा अर्थ तसाच घेतला आहे. दोनशे मीटरखाली झाडांना पुरेल एवढा उजेड नसतो, लाल रंग सर्वांआधी नाहीसा होतो, निळा सर्वांत खाली पोहोचतो आणि सुमारे हजार मीटरनंतर सूर्यप्रकाश संपतो, हे मोजमापाने कळलेले ज्ञान आहे. उद्या मोजमाप अधिक सूक्ष्म झाले तर त्यातील आकडे बदलतील. आयतीचा अर्थ त्या आकड्यांवर टांगून ठेवणे आयतीच्या हिताचे नाही आणि विज्ञानाच्याही. ज्याने मुरब्याहून पहाटेच्या अंधारात, ढगाळ आभाळाखाली नौका काढली आहे, त्याला ती उपमा कोणत्याही आकड्याशिवाय कळते.

देवमासा, अंबर आणि आपले ताट

काचेची म्हाकुळे कोणाचे अन्न आहेत? कुपा म्हणजे टूनासारखे मोठे मासे, समुद्रपक्षी आणि विशेषतः स्पर्म व्हेल जातीचा देवमासा. म्हाकुळाचे मांस देवमाशाच्या पोटात विरते, पण कठीण चोची विरत नाहीत. त्यांच्या टोचणीशी संबंध असलेला, देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा मेणचट पदार्थ म्हणजेच अंबर; त्याच्या गोळ्यात चोची रुतलेल्या सापडतात. अत्तरांच्या दुनियेत अंबरचे मोल पूर्वापार मोठे आहे. मात्र कोकण किनाऱ्यावरील वाचकांना स्पष्ट सांगणे भाग आहे की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा देवमासा संरक्षित असून 'व्हेलची उलटी' म्हणून विकला जाणारा हा पदार्थ बाळगणे किंवा त्याची खरेदी-विक्री करणे भारतात गुन्हा आहे. झटपट पैशाच्या मोहाने तरुण मुले यात अडकतात. किनाऱ्यावर तसा गोळा सापडला तर वन विभागाला कळवावे.

अंबर हे नाव हदीसच्या अभ्यासकांना आणखी एका कारणाने परिचित आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखालील सुमारे तीनशे जणांची तुकडी उपासमारीने झाडांची पाने खाण्यापर्यंत आली, तेव्हा समुद्राने एक प्रचंड जलचर किनाऱ्यावर टाकला, त्याला 'अंबर' म्हणत. सहाबांनी तो कित्येक दिवस खाल्ला, आणि मदीनेस परतल्यावर प्रेषित (स.) यांनी त्यास संमती दिली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. समुद्रातील अन्नाविषयीच्या चर्चेत तो पुनःपुन्हा येतो.

आता आपल्या घरातील प्रश्न. इमाम शाफई यांच्या मसलकात केवळ पाण्यातच राहणारे प्राणी, आकार कोणताही असो, खाण्यास वैध मानले जातात. म्हणून कोकणी मुस्लिम घरांत म्हाकूळ पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहे. हनफी मसलकात जलचरांपैकी फक्त मासा वैध. येथे शरीररचना थेट फिक्हला येऊन भिडते. म्हाकूळ मासा नसल्याने हनफी उलमा ते खाण्यास मनाई करतात. बाजारात त्याला 'मासा' म्हणतात, यावरून हुकूम बदलत नाही. वर सांगितलेल्या प्रसंगातील जलचराला रिवायतीत मासा म्हटले आहे, यावर हनफी विद्वान बोट ठेवतात. शाफई विद्वान समुद्राचे पाणी पाक व त्यातील मृत जीव हलाल असल्याच्या हदीसची व्यापकता पुढे करतात. चौदाव्या शतकातील इजिप्तचे शाफई आलिम अद्-दमीरी यांनी 'हयातुल हयवान' या आपल्या प्राणिकोशात एकेका प्राण्याच्या वर्णनानंतर त्याच्या खाण्याचा हुकूम दिला आहे, तो याच कारणाने. प्राणी ओळखल्याखेरीज हुकूम सांगता येत नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीमुळे उत्तर प्रदेश-बिहारकडील हनफी कुटुंबे आणि येथील शाफई कुटुंबे एका इमारतीत, कधी विवाहाने एका घरात नांदतात. कोकणी सून म्हाकूळ आणते आणि सासूबाई ताट बाजूला सारतात, असे प्रसंग आमच्यापर्यंत येतात. दोन्ही मते प्रमाणांवर उभी आहेत आणि दोन्हींचे इमाम आपले आहेत. शाफईने हनफीला खाण्याचा आग्रह करू नये. हनफीने शाफईला हराम खाणारा म्हणू नये. ज्या भांड्यात म्हाकूळ शिजले ते धुतल्यावर हनफी घरातही वापरता येते; त्यासाठी स्वयंपाकघराची वाटणी करण्याचे कारण नाही. काचेच्या म्हाकुळाबाबत मात्र वाद उद्भवणारच नाही. अमोनियाने भरलेले ते मांस कडवट आणि झोंबणारे. देवमाशाला चालते, माणसाच्या ताटात ते येत नाही.

ज्या घरी म्हाकूळ येते तेथे पुढच्या वेळी ते साफ करताना मुलांना जवळ बसवावे. डोके ओढून निघते हे दाखवावे आणि काचेच्या म्हाकुळात ते का निघणार नाही हे विचारावे. पाठीची पात काढून उजेडाकडे धरावी. बाहूंच्या मधोमध दाबले की चोच वर येते. डोळा कापल्यास आतून वाटाण्याएवढा टणक, स्वच्छ गोल निघतो. तो भिंग आहे, आणि छापील कागदावर ठेवला तर त्याखालची अक्षरे मोठी दिसतात. शाईची पिशवी शेवटी फोडावी, कारण त्यानंतर ओट्यावर काहीच दिसत नाही. हनफी घरांतील मुलांना हे सर्व जेट्टीवर एखाद्या ओळखीच्या कोळीण मावशीजवळ उभे राहून पाहता येईल.